दाद कुणाकडे मागायची? दिव्यांग हक्क कायद्याच्या स्थानिक अंमलबजावणीचा आढावा

दिव्यांग व्यक्तीचा हक्क मोडला जातो तो घरापासून फार लांब नाही. तहसील कचेरीच्या पायऱ्यांशी, एसटीच्या दारात, शाळेच्या प्रवेशअर्जावर, बँकेच्या काउंटरपाशी, सोसायटीच्या लिफ्टसमोर तो मोडतो. तो हक्क देणारा कायदा मात्र संसदेत होतो आणि त्याचा अर्थ सर्वोच्च न्यायालय लावते. या दोन टोकांच्या मधे ग्रामसेवक आहे, नगरपरिषदेचा मुख्याधिकारी आहे, नगररचना विभागातला अभियंता आहे, ठाण्याचा पोलीस निरीक्षक आहे, सिव्हिल हॉस्पिटलातले डॉक्टर आहेत. कायदा जगतो किंवा मरतो तो यांच्या टेबलावर. हक्काचा भंग तालुक्यात होत असेल, तर त्याची दाद लावून देणारी सत्ताही तालुक्याच्या आवाक्यात हवी. आज ती नाही. असे का झाले आणि काय करता येईल, हे पाहण्यासाठी हा आढावा.

प्रश्न किती माणसांचा आहे? २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या, त्यांतल्या २९ लाख ६३ हजार महाराष्ट्रात. त्यानंतरची जनगणना अजून हाती यायची आहे. मधल्या काळात कायद्याने मान्य केलेल्या दिव्यांगत्वांची संख्या वाढून २१ झाली. त्यामुळे २०११ चा आकडा आज अपुराच मानायला हवा.

दयेकडून हक्काकडे

महाराष्ट्रात दिव्यांगांनी स्वतः उभे केलेले काम मोठे आहे. नसीमा हुरजूक यांनी कोल्हापुरात उभारलेली ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था आणि त्यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन मराठी वाचकाला परिचित आहे. वसतिगृह, शाळा, कार्यशाळा, कृत्रिम अवयव, रोजगार ही कामे संस्थांनी केली, कारण शासन ती करत नव्हते. पण संस्था कितीही चांगली असली तरी ती नगरपालिकेला जाब विचारू शकत नाही. त्यासाठी कायदा लागतो.

पहिला कायदा १९९५ चा. दिव्यांग हक्क कार्यकर्ते जावेद अबिदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्लीत रस्त्यावर उतरून संसदेकडून तो करून घेतला. त्यात सात प्रकारची दिव्यांगत्वे होती आणि सरकारी नोकरीत ३ टक्के आरक्षण होते. पण बरीचशी कर्तव्ये ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ अशा शब्दांनी सैल बांधलेली होती, आणि कर्तव्य चुकवणाऱ्याला शिक्षा जवळजवळ नव्हतीच.

डिसेंबर २००६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी दिव्यांग हक्कांचा करार स्वीकारला आणि १ ऑक्टोबर २००७ रोजी भारताने त्याला मान्यता दिली. त्या करारातून आपला ‘दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६’ आला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. दिव्यांगत्वाचे प्रकार २१ झाले, नोकरीतले आरक्षण ४ टक्के आणि उच्च शिक्षणातले ५ टक्के झाले. सगळ्यांत मोठा बदल भेदभावाच्या व्याख्येत झाला. वाजवी सोय, म्हणजे गरजेप्रमाणे करून देता येण्याजोगा बदल, नाकारणे हाही आता भेदभाव आहे. कर्णबधिर उमेदवाराला मुलाखतीत सांकेतिक भाषेचा दुभाषी न देणे, व्हीलचेअरवरच्या मतदाराला पायऱ्यांवर ठेवणे, अंध ग्राहकाला ‘सोबत कुणाला तरी घेऊन या’ असे बँकेने सांगणे, ही सारी भेदभावाचीच रूपे ठरतात. २०२१ मध्ये विकास कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व ठामपणे मांडले. ‘रायटर्स क्रॅम्प’ (लिहिताना हात आखडण्याचा विकार) असलेल्या परीक्षार्थीचे दिव्यांगत्व ४० टक्क्यांच्या प्रमाणपत्रात बसत नाही, एवढ्या कारणाने त्याला लेखनिक नाकारता येणार नाही, असा तो निकाल होता. मार्च २०२५ मध्ये अंध उमेदवारांच्या न्यायिक सेवेतल्या भरतीबद्दल निकाल देताना त्याच न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितले की, दिव्यांगत्वावरून होणाऱ्या भेदभावाविरुद्धचा हक्क मूलभूत हक्काच्या तोलाचा मानला पाहिजे.

म्हणजे तत्त्वाच्या पातळीवर आपण फार पुढे आलो आहोत. अडते ते त्याखाली.

भोगवटा प्रमाणपत्राची ताकद

या कायद्यातली स्थानिक पातळीवरची सर्वांत धारदार तरतूद कलम ४४ मध्ये आहे, आणि तिचा वापर सर्वांत कमी होतो. सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या बांधकाम आराखड्याला परवानगी द्यायची नाही. इमारत उभी राहिली तरी नियम पाळल्याशिवाय तिला पूर्णत्वाचा दाखला द्यायचा नाही आणि ती वापरातही येऊ द्यायची नाही. महाराष्ट्रात मुंबई वगळता बहुतेक नागरी भागांत डिसेंबर २०२० पासून एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे आणि तीतही अडथळाविरहित प्रवेशाच्या तरतुदी आहेत. याचा अर्थ असा की, नगररचना विभागातल्या अभियंत्याने भोगवटा प्रमाणपत्राची फाईल अडवली, तर एकही खटला न लढता इमारत सुधारू शकते. बिल्डरला ताबा देता येतो तो भोगवट्यानंतर. त्याच्यासाठी याहून परिणामकारक दट्ट्या नाही.

प्रत्यक्षात नकाशावर ‘रॅम्प’ असे लिहिलेले असते आणि जागेवर सिमेंटचा एक उतार ओतलेला असतो. रॅम्पचा मान्य उतार १:१२ आहे. १५ सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या चढायच्या तर ४५ सेंटिमीटर उंचीसाठी रॅम्प ५.४ मीटर लांब हवा. आपल्या बहुतेक कचेऱ्यांपुढे तो दीड-दोन मीटरचा असतो. त्यावर व्हीलचेअर चढवायला दोन माणसे लागतात आणि उतरताना ती हाताबाहेर जाते. कठडा नसतो, वर वळायला सपाट जागा नसते, कधी रॅम्पच्या तोंडाशी मोटारसायकली लावलेल्या असतात. दिव्यांगांसाठीच्या स्वच्छतागृहाला कुलूप असते आणि किल्ली कुणाकडे ते कुणाला माहीत नसते. टेप घेऊन उतार मोजायला पाच मिनिटे लागतात. ती पाच मिनिटे कुणी देत नाही, कारण न मोजल्याचा जाब अभियंत्याला कुणी विचारत नाही.

जुन्या सार्वजनिक इमारतींसाठी कलम ४५ ने पाच वर्षे दिली होती. केंद्राचे नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे ती मुदत जून २०२२ मध्ये संपली. त्याआधी ३ डिसेंबर २०१५ रोजी ‘सुगम्य भारत अभियान’ सुरू झाले होते. आज कोणत्याही जिल्ह्याच्या गावी जाऊन कोषागार, दुय्यम निबंधक कार्यालय, पोलीस ठाणे आणि प्राथमिक आरोग्य केंद्र पाहावे. चारही ठिकाणी व्हीलचेअर विनासायास आत गेली, तर तो जिल्हा अपवाद समजावा. २०२३ मध्ये मुंबईत खारच्या विवाह नोंदणी कार्यालयात व्हीलचेअर वापरणाऱ्या वधूला उचलून दोन मजले वर न्यावे लागले. लिफ्ट नव्हती आणि अधिकारी खाली यायला तयार नव्हते. हा प्रकार देशभर गाजला. पण त्या जागी वाजवी सोय म्हणजे फक्त एवढेच होते की, नोंदवही घेऊन एका कर्मचाऱ्याने जिना उतरायचा. पैसा लागणार नव्हता. कर्तव्याची जाणीव हवी होती, आणि ती नसल्यास परिणामाची भीती.

त्याच वर्षी मुंबईच्या पदपथांवरचे खांब उच्च न्यायालयात पोहोचले. वाहने पदपथावर येऊ नयेत म्हणून लावलेल्या खांबांमध्ये इतके कमी अंतर होते की व्हीलचेअर जाईना. एका व्हीलचेअर वापरणाऱ्या नागरिकाच्या ईमेलवरून न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. न्यायालयाचे हे कौतुकास्पदच. तरीही प्रश्न उरतो: पदपथावरच्या दोन खांबांमधले अंतर ठरवायला राज्याच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत जावे लागावे का? प्रभाग कार्यालयातच ही तक्रार निकाली निघायला हवी होती.

८ नोव्हेंबर २०२४ च्या राजीव रतुडी निकालाने या गोंधळाचे एक मूळ दाखवून दिले. कायदा सुगम्यता बंधनकारक म्हणतो आणि केंद्राच्या नियमांतला नियम १५ मात्र निव्वळ मार्गदर्शक सूचनांकडे बोट दाखवतो, ही विसंगती सर्वोच्च न्यायालयाने नोंदवली आणि तो नियम कायद्याशी विसंगत ठरवला. तडजोड न करता पाळायचे किमान निकष तीन महिन्यांत वेगळे काढून बंधनकारक करा, असा आदेश केंद्राला दिला. सूचना आणि नियम यांतला हा फरक गल्लीतल्या रॅम्पपर्यंत पोहोचतो. सूचना मोडल्याबद्दल अभियंत्याला कुणी धरत नाही.

प्रमाणपत्राच्या रांगेत

सवलत, आरक्षण, पेन्शन यांतले काहीही मिळवायचे तर आधी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि आता ‘यूडीआयडी’ हे दिव्यांग ओळखपत्र लागते. हक्काचे पहिले दार सिव्हिल हॉस्पिटलात आहे. तपासणी मंडळ ठरावीक वारी बसते. भामरागडच्या माणसाला गडचिरोली गाठायला दीडशे किलोमीटरहून जास्त अंतर कापावे लागते. सोबत माणूस हवा, त्याची मजुरी बुडते. त्या दिवशी हाडांचे डॉक्टर असले आणि मानसोपचारतज्ज्ञ नसले की पुन्हा खेप. केंद्राच्या २०१७ च्या नियमांत प्रमाणपत्रासाठी एक महिन्याची मुदत होती. २०२४ च्या दुरुस्तीत ती तीन महिन्यांवर गेली.

नव्या २१ प्रकारांतल्या अनेकांचे दुखणे डोळ्यांना दिसत नाही. विदर्भातल्या आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यांत सिकलसेल हा रक्ताचा आजार मोठ्या प्रमाणावर आहे. सिकलसेलचा रुग्ण एरवी धडधाकट दिसतो आणि वेदनेचा झटका आला की दिवसेंदिवस अंथरुणाला खिळतो. त्याचे दिव्यांगत्व टक्क्यांत बसवणे अवघड आहे. स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार यांचेही तसेच. प्रमाणपत्र ही टक्केवारीची पावती होऊन बसली की माणसाच्या गरजेकडे लक्ष राहत नाही. मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेल्या वैद्यकीय प्रवेशाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये नेमके हेच बजावले. दिव्यांगत्वाची टक्केवारी अमुक आहे एवढ्यावर उमेदवाराला बाद करता येणार नाही. तो अभ्यासक्रम पूर्ण करू शकतो का, हे मंडळाने प्रत्यक्ष तपासले पाहिजे.

२०२४ मध्येच एका परिविक्षाधीन सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावरून देशभर वादळ उठले आणि राज्यात पडताळणीची लाट आली. खोट्या प्रमाणपत्रावर लाभ घेणे हा कलम ९१ खाली गुन्हा आहे. खोटे लाभार्थी खऱ्यांची जागा खातात, म्हणून पडताळणी हवीच. पण तिचा भार कुणावर पडतो तेही पाहिले पाहिजे. जन्मापासून दोन्ही डोळ्यांनी अंध असलेल्या शिक्षकाला पुन्हा मंडळापुढे उभे करून काय सिद्ध होते? संशयास्पद प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांची आणि मंडळांची चौकशी आधी झाली, तर प्रामाणिक माणसांच्या खेपा वाचतील.

पाच टक्के निधी

महाराष्ट्रात दिव्यांग हक्कांचा स्थानिक संघर्ष सर्वाधिक पेटला तो स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निधीवरून. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपालिका, महापालिका या सगळ्यांनी स्वउत्पन्नातला ठरावीक वाटा दिव्यांगांसाठी राखायचा. तो आधी ३ टक्के होता, नव्या कायद्यानंतर ५ टक्के झाला. आदेश होते, पण पैसा वर्षानुवर्षे अखर्चित पडून राही किंवा दुसरीकडे वळवला जाई. बच्चू कडू आणि त्यांच्या ‘प्रहार’ संघटनेच्या कार्यकर्त्यांनी पालिकांवर मोर्चे नेले, कचेऱ्यांत ठिय्या दिला, तेव्हा कुठे ‘अखर्चित निधी’ हा शब्द सभागृहांच्या इतिवृत्तात येऊ लागला. राज्यभरातल्या दिव्यांगांना आपल्या ग्रामपंचायतीला हिशेब विचारता येतो हे कळले, ते या आंदोलनांमुळे.

या निधीच्या दोन मर्यादा स्पष्ट बोलल्या पाहिजेत. राज्यातल्या सुमारे २८ हजार ग्रामपंचायतींपैकी बहुसंख्य लहान आहेत आणि त्यांचे स्वउत्पन्न म्हणजे घरपट्टी-पाणीपट्टी. त्याचे ५ टक्के कधी काही हजारांत संपतात. ते गावातल्या दहा-बारा जणांत वाटले की प्रत्येकाच्या हाती वर्षाला जेमतेम किराण्याचे पैसे येतात. जिथे दिव्यांग जास्त आणि उत्पन्न कमी, तिथेच निधी सर्वांत तुटपुंजा. हे अंतर राज्याने भरून काढायला हवे.

दुसरी मर्यादा जास्त गंभीर आहे. अनेक ठिकाणी याच निधीतून कार्यालयाचा रॅम्प बांधला जातो आणि निधी खर्च झाला असे दाखवले जाते. हे चूक आहे. कचेरी सुगम्य करणे ही पालिकेची कायदेशीर जबाबदारी आहे, जशी आग विझवण्याची व्यवस्था ठेवणे आहे. ती दिव्यांगांच्या वाट्याच्या पैशातून पार पाडणे म्हणजे ज्याचा हक्क डावलला त्याच्याच खिशातून भरपाई करणे. पाच टक्के निधी माणसाच्या गरजेवर खर्च व्हावा: सहायक साधने, मदतनिसाचा मोबदला, उपचार, स्वयंरोजगार. कायद्याच्या कलम ४८ मध्ये दिव्यांगांच्या योजनांच्या सामाजिक अंकेक्षणाची तरतूद आहे. ग्रामसभेत या निधीचा हिशेब वाचून दाखवणे ही त्याची सोपी सुरुवात ठरेल.

पोलीस ठाणे आणि न्यायालय

कलम ९२ नुसार दिव्यांग व्यक्तीचा चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान करणे, तिला धमकावणे, मारहाण करणे, जेवण किंवा पाणी तोडणे, तिचे सहायक साधन मुद्दाम बिघडवणे यांना सहा महिने ते पाच वर्षे कैद आणि दंड आहे. कलम ७ नुसार छळाची तक्रार आल्यास पोलिसाने पीडिताला कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे संरक्षण मागण्याचा हक्क, जवळची संस्था आणि मोफत विधी साहाय्य यांची माहिती देणे बंधनकारक आहे. कार्यकारी दंडाधिकारी म्हणजे बहुधा तालुक्याचे तहसीलदारच. मोफत वकिलाचा हक्क तर १९८७ च्या विधी सेवा कायद्यानेच दिला आहे. या सगळ्यासाठी मुंबई-दिल्लीला जावे लागत नाही. अडचण अशी की, ठाणे अंमलदाराला कलम ९२ सहसा ठाऊक नसते. कर्णबधिर मुलगी तक्रार द्यायला आली तर दुभाषी कुठून बोलवायचा, हे त्याला कुणी शिकवलेले नसते. कायद्याच्या कलम ४७ मध्ये पोलीस, पंचायत सदस्य, न्यायाधीश आणि वकील यांच्या प्रशिक्षणाचे कर्तव्य सांगितले आहे. तेच सर्वांत दुर्लक्षित राहिले.

मुंबईच्या लोकलमधला दिव्यांगांचा डबा हे याचे रोजचे उदाहरण. रेल्वे कायद्याच्या कलम १५५ नुसार राखीव डब्यात शिरणाऱ्याला बाहेर काढता येते, दंडही होऊ शकतो. तरी गर्दीच्या वेळी कुबड्या घेतलेला माणूस त्या डब्याच्या दाराशीच लोंबकळतो. रेल्वे सुरक्षा दलाची मोहीम निघाली की आठवडाभर डबा मोकळा होतो. मोहीम संपली की पुन्हा भरतो.

गुन्हा नोंदवला गेला तरी पुढे एक मोठा अडसर आहे. कायद्याचे सामान्य उल्लंघन केल्यास कलम ८९ खाली पहिल्यांदा दहा हजारांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पन्नास हजार ते पाच लाख रुपये दंड आहे. पण आरोपी शासनाचा कर्मचारी असेल, तर कलम ९४ नुसार शासनाच्या पूर्वपरवानगीशिवाय किंवा शासनाने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याच्या तक्रारीशिवाय न्यायालय दखल घेऊ शकत नाही. या कायद्यातली बहुतांश कर्तव्ये शासनाचीच आहेत. त्यामुळे कर्तव्य चुकवणाऱ्याविरुद्ध जायचे की नाही, ते त्याच्याच घरचे लोक ठरवतात. जुलै २०२० मध्ये तर केंद्राने कलम ८९ आणि ९२ मधले काही भाग सौम्य करण्याचा प्रस्ताव आणला होता. देशभरच्या दिव्यांग संघटनांनी कडाडून विरोध केला आणि तो मागे घ्यावा लागला. दात कमी आहेत म्हणून ते काढून टाकण्याची ही सूचना होती. संघटना एकवटल्या नसत्या तर ती मंजूरही झाली असती.

आयुक्त: अधिकार आहेत, हुकूम नाही

तक्रारीची उतरंड कायद्यात आखलेली आहे. प्रत्येक सरकारी आस्थापनेत नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारींसाठी तक्रार निवारण अधिकारी हवा. त्याने तक्रार नोंदल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी करायची. समाधान झाले नाही तर कर्मचाऱ्याने जिल्हास्तरीय समितीकडे जायचे. वर राज्य आयुक्त आणि केंद्रात मुख्य आयुक्त. प्रत्येक जिल्ह्यात एक सत्र न्यायालय विशेष न्यायालय म्हणून नेमायचे आणि विशेष सरकारी वकीलही.

आराखडा चांगला आहे. पण जिल्हा समित्या, विशेष न्यायालये आणि आयुक्तांच्या जागा भरण्याबाबत अनेक राज्ये इतकी उदासीन राहिली की सर्वोच्च न्यायालयाला ३० जून २०२४ ही अंतिम मुदत घालून द्यावी लागली. महाराष्ट्रात त्याच वर्षी, दिव्यांगांविषयी शासनाला सल्ला देणारे राज्य सल्लागार मंडळ २०२० पासून कार्यरतच नसल्याचे उच्च न्यायालयासमोर उघड झाले आणि न्यायालयाने आश्चर्य व्यक्त केले. ज्या राज्याने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग सुरू करून देशात पाऊल पुढे टाकले, त्याच राज्याची ही अवस्था.

आयुक्ताच्या अधिकारांचा मुद्दा कळीचा आहे. राज्य आयुक्ताला साक्षीदार बोलावण्याचे, कागदपत्रे मागवण्याचे, म्हणजे दिवाणी न्यायालयाचे काही अधिकार आहेत. पण चौकशीअंती तो शिफारस करतो. शिफारस मिळालेल्या अधिकाऱ्याने तीन महिन्यांत कार्यवाही कळवायची किंवा न पाळण्याची कारणे द्यायची. कारणे दिली की विषय संपतो, आणि कारणेही दिली नाहीत तर माणूस उच्च न्यायालयाची पायरी चढतो. १९९५ च्या कायद्याखालच्या आयुक्तालाही हुकूम देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये विनेश कुमार भसीन प्रकरणात स्पष्ट केले होते. नव्या कायद्याने शिफारसीला थोडी धार दिली, पण हुकुमाचा दर्जा दिला नाही.

माहिती अधिकार कायद्याशी तुलना केली की फरक डोळ्यात भरतो. २००५ च्या त्या कायद्यात माहिती आयुक्त माहिती न देणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, कमाल २५ हजार रुपये दंड करू शकतो, आणि तो त्याच्या पगारातून जातो. रक्कम मोठी नाही. पण आपल्या खिशाला हात लागू शकतो हे कळल्यावर तहसील कचेरीतल्या कारकुनाने अर्ज बाजूला सारणे कमी केले. माहिती नाकारणाऱ्याला दंड होतो आणि माणसाला जिन्याखाली बसवून ठेवणाऱ्याला फक्त पत्र जाते. माझ्या मते या कायद्यातली सर्वांत तातडीची दुरुस्ती इथे हवी.

राज्यात आणखी एक जुनी गुंतागुंत आहे. १९९५ च्या कायद्यापासून बराच काळ योजना राबवणाऱ्या पुण्याच्या अपंग कल्याण आयुक्तांकडेच हक्कभंगाच्या तक्रारी ऐकण्याचे काम होते. योजना चालवणारा आणि तिच्यातल्या चुकांचा निवाडा करणारा एकच असेल, तर तक्रारदाराने विश्वास कुठे ठेवायचा? गोव्यात राज्य दिव्यांग आयुक्तालयाने आपली स्वतंत्र ओळख उभी केली आणि २०२३ पासून ‘पर्पल फेस्ट’च्या निमित्ताने दिव्यांगांचा प्रश्न सार्वजनिक जीवनाच्या मध्यभागी आणला. उत्सवाने हक्क अंमलात येत नाहीत, पण आयुक्त दिसतो, ओळखीचा होतो, आणि लोक त्याच्याकडे जाऊ लागतात. पुण्यातल्या एका कचेरीकडे ३६ जिल्हे सोपवून तसे होणार नाही.

इतरत्र काय केले

अमेरिकेत दिव्यांग हक्कांचा मोठा कायदा २६ जुलै १९९० रोजी आला. पण तिथल्या अनुभवाचा आपल्याला उपयोगी धडा शहरांकडून मिळतो. न्यूयॉर्क शहराचा स्वतःचा मानवी हक्क कायदा आहे आणि तो राबवणारा शहराचा आयोग आहे. दुकान, घरमालक, हॉटेल, नोकरी देणारा मालक यांच्याविरुद्ध तक्रार तिथे फुकट नोंदवता येते. आयोग तक्रारीची वाट न पाहता स्वतः तपास सुरू करतो, स्वतःच्या वकिलांमार्फत प्रकरण चालवतो. भेदभाव सिद्ध झाल्यास सव्वा लाख डॉलरपर्यंत आणि हेतुपुरस्सर केल्याचे ठरल्यास अडीच लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय तक्रारदाराला भरपाई. माणसाला आपली लढाई एकट्याने लढावी लागत नाही, हा तिथला गाभा आहे.

तिथल्या केंद्रीय न्याय विभागाने १९९९ पासून ‘प्रोजेक्ट सिव्हिक अ‍ॅक्सेस’ नावाचा उपक्रम राबवला. अधिकारी गावोगाव जाऊन नगरभवन, वाचनालय, मतदान केंद्र मोजत आणि त्रुटींची यादी करून त्या गावाशी मुदतीचा लेखी करार करत. असे दोनशेहून अधिक करार झाले. आपल्याकडेही मुख्य आयुक्तांनी फिरती न्यायालये भरवून जिल्ह्यात जाऊन सुनावण्या घेतल्या आहेत. ही वाट आपल्याला नवी नाही, फक्त ती नेमाने चालली गेली नाही.

देशातले एक ताजे पाऊल तमिळनाडूचे. २०२५ मध्ये त्या राज्याने कायदा दुरुस्त करून नागरी आणि ग्रामीण स्थानिक संस्थांमध्ये दिव्यांग व्यक्तींच्या नियुक्तीची तरतूद केली. त्यामुळे हजारो दिव्यांग सभागृहात बसतील. पाच टक्क्यांचा ठराव मांडणारा, रॅम्पचा उतार विचारणारा सदस्य आतच असेल. पंचायत राजची मोठी परंपरा सांगणाऱ्या महाराष्ट्राने हे का करू नये?

पुढची वाट

प्रशासनाने मनावर घेतले तर काय होते, हे निवडणुकीत दिसते. २०२४ च्या लोकसभेला ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मतदारांना घरून मतदानाचा पर्याय देशभर मिळाला. मतदान केंद्रांवर रॅम्प, व्हीलचेअर, मदतनीस आले. तेच शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक ही व्यवस्था उभी करतात जे एरवी ‘निधी नाही’ म्हणतात. मतदानाच्या दिवशी चूक झाली तर जाब विचारणारी यंत्रणा त्यांच्या डोक्यावर असते, हाच तो फरक.

म्हणून मागण्या साध्या आहेत. राज्य आयुक्ताची शिफारस बंधनकारक आदेश करावी आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला वैयक्तिक दंड करण्याचा अधिकार त्याला द्यावा. योजना आणि निवाडा वेगळे करावेत. विभागीय स्तरावर उपायुक्त नेमून त्यांनी प्रत्येक जिल्ह्यात ठरलेल्या दिवशी सुनावणी घ्यावी. कलम ९४ ची परवानगी ठरावीक मुदतीत मिळाली नाही तर ती मिळाली असे मानावे. भोगवटा प्रमाणपत्राच्या फाईलमध्ये मोजमापासह सुगम्यतेचा अहवाल आणि दिव्यांग प्रतिनिधीची सही सक्तीची करावी. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने दिव्यांगांची नोंद ठेवायची हे कलम ८ सांगते. २०१९ चा महापूर पाहिलेल्या सांगली-कोल्हापूरने तरी ती यादी गावनिहाय तयार ठेवावी. आणि प्रत्येक स्थानिक सभागृहात एक जागा दिव्यांगांची असावी.

यांतल्या काहींसाठी संसदेने आणि विधिमंडळाने कायदा बदलायला हवा. पण बरेच काही आजच्या कायद्यातही करता येते, आणि ते करायला आमदार-खासदाराची गरज नाही. आपल्या नगरपरिषदेत तक्रार निवारण अधिकारी कोण आहे, हे माहिती अधिकारात विचारता येते. ग्रामसभेत पाच टक्के निधीचा हिशेब मागता येतो. नव्या इमारतीचा भोगवटा मंजूर होण्याआधी आक्षेप नोंदवता येतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील घेता येतो. ही कामे दिव्यांगांनी एकट्यानेच का करावीत? शेजारी, शिक्षक, वकील, अभियंते, सोसायटीचे सचिव या सगळ्यांना ती करता येतात. दिव्यांग हक्क कायदा हा दिव्यांगांचा कायदा म्हणून बाजूला ठेवला गेला, तिथेच त्याची अंमलबजावणी अडली. तो नगरपालिकेचा, पोलीस ठाण्याचा, शाळेचा आणि आपल्या इमारतीचा कायदा आहे. तो मोडला गेला की कुणाचा हात धरायचा, हे ज्या दिवशी प्रत्येक तालुक्यात ठरलेले असेल, त्या दिवशी २०१६ मध्ये लिहिलेला हक्क पहिल्यांदा हाती लागेल.